तोंडावर सांगायचं

“दादा, कार्ड लागत नाहीये,” गेटवरचा शेलार म्हणाला.

भोईरांनी कार्ड पँटवर घासलं आणि पुन्हा यंत्रासमोर धरलं. लाल दिवा लागला. त्यांनी कार्डावर फुंकर मारली, परत धरलं. पुन्हा लाल. मागे आमची रांग ताटकळली होती.

“उलटं धरून बघा,” कुणीतरी म्हणालं.

भोईरांनी उलटं धरलं. शेलार जमिनीकडे बघायला लागला. त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं, कारण त्या आठवड्यात असा लाल दिवा पहिल्यांदा लागत नव्हता. वर्कशॉपमध्ये उभी हयात काढलेल्या भोईरांना तेवढं कळायचं बाकी होतं.

“दादा, जरा बाजूला उभे राहता का? बाकीच्यांना जाऊ दे,” शेलार म्हणाला.

त्यांचे सेफ्टी बूट आत लॉकरमध्ये होते. शेलारने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणून दिले. भोईर पिशवी मांडीवर घेऊन रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवर बसले. दुपारी मी बाहेर आले तेव्हाही ते तिथेच बसलेले होते. मधल्या वेळात किती बस येऊन गेल्या असतील कोण जाणे.

तेलाचे भाव जगभर कोसळले, त्या वर्षीची ही गोष्ट. आमची कंपनी तेल काढणारी नव्हे, काढणाऱ्यांची कामं करणारी. समुद्रात विहीर खोदली की आत लोखंडी पाइप सोडतात आणि पाइपच्या भोवतीने सिमेंट भरतात. ते सिमेंट आम्ही भरायचो. उरण रस्त्यावर आमचा बेस होता आणि तिथली सिमेंटची लॅब माझ्याकडे होती. मी वृंदा चेंदवणकर. ऑफिसातले मला मॅडम म्हणायचे, सिमेंटच्या पंपांवरची माणसं ताई म्हणायची.

भाव पडले तशी विहिरींची कामं थांबली आणि बेसवर कपात सुरू झाली. आधी कॉफीचं मशीन गेलं. मग झेरॉक्सच्या कागदांना कुलूप लागलं. मग माणसं जायला लागली. माणसं जायला लागल्यावर कँटीनच्या भिंतीवर एक मोठं रंगीत पोस्टर आलं. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांच्या खाली लिहिलं होतं, ‘आपण एक कुटुंब आहोत.’

“कुटुंबात शिरायला कार्ड लागतं का हो ताई?” हरेश घरतने मला विचारलं.

हरेश पंप ऑपरेटर होता. जासईचा. बोलायला फटकळ, पण समुद्रातल्या रिगवर, विहीर खोदायच्या फलाटावर, वादळात पंप बंद पडला तर सगळे त्याचंच नाव घ्यायचे. भोईरांना काढलं त्या दिवशी तो जेवलाच नाही. ताट सरकवून उठला आणि सरळ सबनीससाहेबांच्या केबिनकडे निघाला. त्याच्या मागे तिघं-चौघं आणि त्यांच्या मागे मी.

सबनीस आमचे बेस मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला प्रत्येकाच्या हातात स्वतः मिठाई द्यायचा. पण कपात सुरू झाल्यापासून त्यांनी मागच्या गेटने यायला सुरुवात केली होती, आणि केबिनचे पडदे दिवसाही ओढलेले असायचे.

“साहेब, पुढचा कोण?” हरेशने दारातूनच विचारलं.

“मला काय माहीत? वरून येतं रे ते.”

“वरून म्हणजे? पाऊस आहे का?”

मागचे हसले. सबनीसही जरा हसले आणि मग त्यांना वाटलं असावं की हसायला नको होतं.

“हे बघ हरेश, पॉलिसीच तशी आहे. आधी सांगितलं की माणूस बिथरतो. त्याचं कामात लक्ष राहत नाही. इथे हाय प्रेशरची मशिनं आहेत, सेफ्टीचा प्रश्न आहे.”

“भोईरदादा काय, जाताना पंप उचलून नेणार होते?”

“तसं कोण म्हणतंय?”

“मग एक फोन करायचा होता. आदल्या दिवशी. ‘बाळाराम, उद्या येऊ नकोस.’ एवढंच. माणूस डबा घेऊन आला, साहेब.”

सबनीस टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, तुम्ही तरी समजवा यांना.” मी काही समजवलं नाही. मला हरेशचं म्हणणं शब्द न् शब्द पटलं होतं.

पुढच्या आठवड्यात बातमी आली की दुबईहून कुरियनसाहेब येणार. आखाती देशांपासून भारतापर्यंतचं सगळं त्यांच्याखाली. ‘वरून’ म्हणजे जे काय होतं, ते हेच. ते कामगारांशी मोकळेपणाने बोलणार होते, कुणीही काहीही विचारावं असा निरोप होता. सबनीसांनी ताबडतोब कुणी काय विचारायचं ते ठरवून टाकलं. स्टोअरच्या माणसाने सुरक्षेबद्दल विचारायचं, ड्रायव्हरने नव्या गाड्यांबद्दल.

“आणि मॅडम, तुम्ही विचारा, या कठीण काळात आम्ही कर्मचारी कंपनीसाठी आणखी काय करू शकतो? एका लेडीने विचारलं की बरं दिसतं.”

“भोईरांबद्दल कोण विचारणार?”

“अहो, ते झालं आता,” सबनीस म्हणाले.

सभा वर्कशॉपच्या शेडमध्ये झाली. मशिनं बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. कुरियनसाहेब पिकल्या केसांचे, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले. आवाज इतका मऊ, की पुढे वाकून ऐकावं लागायचं. सुरक्षेचं झालं, गाड्यांचं झालं. मग मी उभी राहिले आणि इंग्रजीत पाठ केलेला प्रश्न विचारला. आम्ही आणखी काय करू शकतो?

कुरियनसाहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. “चांगला प्रश्न आहे,” ते म्हणाले. “पण मी इथे ऐकायला आलोय. तुम्हीच सांगा. तुमच्या हातात असतं, तर तुम्ही काय केलं असतं?”

हे ठरलेलं नव्हतं. सबनीस मला डोळ्यांनी ‘बसा, बसा’ म्हणत होते. मला बसता आलं असतं. पण मला तो बसस्टॉप दिसायला लागला.

“मी तोंडावर सांगितलं असतं,” मी म्हटलं. सुरुवात इंग्रजीतच केली होती, मराठीत कधी घसरले ते कळलं नाही. “काम नाही हे आम्हाला कळतं. तेलाचा भाव आम्हीही वाचतो. माणसं कमी करावी लागणार, करा. पण ज्याला काढायचं, त्याच्यासमोर बसा. त्याच्या डोळ्यांत बघून सांगा. त्याला चार शब्द बोलू द्या, शिव्या घालू द्या. लाल दिवा दाखवून कुत्र्यासारखं हाकलू नका. एवढीही हिंमत नसेल, तर त्या खुर्चीत बसू नये माणसाने.”

सबनीस कुरियनसाहेबांच्या कानाशी वाकले आणि इंग्रजीत म्हणाले, “मॅडमचं म्हणणं आहे की आपसातला संवाद वाढायला हवा.”

“साहेब, बरोबर सांगा!” मागून हरेश ओरडला.

कुरियनसाहेब हसले. “मी अंधेरीत पुष्कळ वर्षं काढलीत,” ते चक्क मराठीत म्हणाले. “मला कळलं त्या काय बोलल्या.”

पहिली टाळी हरेशने वाजवली. मग सगळी शेड वाजायला लागली. लोक उभे राहिले. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं छान मला क्वचितच वाटलं असेल. संध्याकाळी गेटवर शेलारनेसुद्धा मला सॅल्यूट ठोकला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सबनीसांचं कार्ड लागेनासं झालं.

नेमके त्या दिवशी ते पुढच्या गेटने आले होते. शेलार म्हणाला, “साहेब, कार्ड लागत नाहीये.” सबनीसांनी पुन्हा लावून बघितलं नाही. कार्ड खिशात घातलं, टाय सैल केला आणि गाडी वळवली. हरेश तेव्हाच्या तेव्हा जाऊन गरम जिलबी घेऊन आला. वर्कशॉपमध्ये लोक बोटं चाटत होते. मीही एक वेढा खाल्ला.

दुपारी लॅबमधला फोन वाजला. कुरियनसाहेब होते.

“मिसेस चेंदवणकर, तुमचं त्या दिवशीचं बोलणं मी विसरलेलो नाही. बेस तुम्ही सांभाळावा असं मला वाटतं.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“आणखी एक,” ते त्याच मऊ आवाजात म्हणाले. “काही लोक अजून कमी करायचे आहेत. बारा. नावं इकडे ठरली आहेत, त्यात बदल होणार नाही. पण ती तुमच्या पद्धतीने कळावीत अशी माझी इच्छा आहे.”

“आणि मी नको म्हटलं तर?”

“काहीच हरकत नाही. मग नेहमीच्या पद्धतीने होईल.”

मग त्यांनी नावं सांगितली. हरेशचं नाव शेवटून दुसरं होतं. मी म्हटलं, घरत आमचा सगळ्यात चांगला ऑपरेटर आहे. ते म्हणाले, म्हणूनच तो सगळ्यात महाग आहे. मी हुज्जत घातली. निदान यांच्या घरच्यांचा दवाखान्याचा विमा वर्षभर चालू ठेवा, म्हटलं. त्यांनी लगेच मान्य केलं. इतक्या लगेच, की मला वाटलं, आणखी काहीतरी मागायला हवं होतं.

घरी सुहासला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू नाही सांगितलंस तर शेलारचं मशीन सांगणार. बरोबर?”

“हो.”

“मग तुला दुसरा रस्ता आहे कुठे?”

मी सबनीसांच्या केबिनचे पडदे काढून टाकले, पण माणसांना तिथे बोलावलं नाही. लॅबमध्ये बोलावलं. दोन स्टुलं समोरासमोर ठेवली, पाण्याचे ग्लास भरून ठेवले. काय बोलायचं त्याची मनात उजळणी केली. आडवळणाने जायचं नाही. आधी बातमी सांगायची, मग कारण, मग विम्याचं. आणि मग गप्प राहून ऐकायचं.

पहिला आला तो क्रेनवरचा. त्याने ऐकलं, पाणी प्यायला आणि विचारलं, “माझ्या जागी कुणाला ठेवलं?” मी म्हटलं, कुणालाच नाही. त्याचा विश्वास बसला नाही. दुसरा रडायला लागला. मोठा माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा. मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिले, कारण बघायचं असं मीच म्हटलं होतं. तो तोंड लपवायला जागा शोधत होता आणि लॅबमध्ये सगळीकडे काचा होत्या. तिसरा उठला, दारापर्यंत गेला आणि मागे वळून म्हणाला, “सबनीस होता तेव्हा बरं होतं, ताई. त्याला मनसोक्त शिव्या तरी घालता यायच्या.”

“मला घाला,” मी म्हटलं.

“तुम्हाला कशा घालणार? तुम्ही पाणी दिलंत.”

बातमी सगळीकडे पसरली. मी शेडमधून चालायला लागले की माणसं मशिनांच्या मागे जायची. बोलावणं आलं, की ज्याला बोलावलंय तो बाथरूममध्ये जाऊन बसायचा. शेलार मला सॅल्यूट ठोकायचा, पण बघायचा दुसरीकडे.

हरेश त्या आठवड्यात सुट्टीवर होता. सोमवारी तो कामावर येणार आणि येताना गेटवरच कुणीतरी त्याच्या कानाशी लागणार, हे मला दिसत होतं. ते मला नको होतं. निदान हरेशला तरी तसं कळू नये. रविवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि जासईला गेले.

त्याचं घर रस्त्याला लागूनच होतं. ओटीवर मासळीची जाळी वाळत घातली होती. मला बघून हरेशची बायको लगबगीने बाहेर आली. कुंदा तिचं नाव. मी तिला एकदाच, त्यांच्या पोरीच्या बारशाला भेटले होते.

“या या ताई! अहो, ऐकलं का, कोण आलंय बघा! तुमच्या साहेब आल्यात!”

हरेश बनियनवर बाहेर आला आणि शर्ट घालायला परत आत पळाला. कुंदाने मला खुर्चीत बसवलं, हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ घातला.

“तुम्ही मोठ्या झालात, फार बरं वाटलं,” ती म्हणाली. “यांना आता मी रोज सांगते, काळजी करू नका. आधीचा साहेब होता तवा रात्र रात्र झोप नव्हती यांना. आता आपली माणसं वर बसलीत.”

हरेश शर्टाची बटणं लावत आला आणि माझ्यासमोर बसला. मी नारळ मांडीवर धरला होता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्याचे हात शेवटच्या बटणावर थांबले.

“कुंदा, चहा टाक,” तो म्हणाला. “आणि घावणे कर ताईंना.”

“घावण्यांना वेळ लागेल.”

“लागू दे.”

ती आत गेली. आतून स्टोव्हचा आवाज यायला लागल्यावर मी म्हटलं, “हरेश, नावं दुबईहून आली. मी भांडले. तुझं नाव…”

“हळू बोला.”

“मला वाटलं, तुला गेटवर कळण्यापेक्षा—”

“कळलं असतं तर काय झालं असतं?” तो अगदी खालच्या आवाजात बोलत होता. त्याला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “मी शेलारला शिव्या घातल्या असत्या. सबनीसाला घातल्या असत्या, तुम्हाला घातल्या असत्या. मग दिवसभर कुठेतरी जाऊन बसलो असतो. संध्याकाळी घरी येईपर्यंत हिला काय सांगायचं ते ठरवलं असतं. मला तेवढा एक दिवस होता, ताई. तुम्ही तो पण ठेवला नाही. घरात येऊन बसलात. हिच्या हातचं कुंकू लावून घेतलंत.”

मी नारळाकडे बघत होते.

“डोळ्यांत बघून सांगा म्हणालात ना शेडमध्ये? आता बघा की.”

मला बघता आलं नाही.

कुंदा चहा घेऊन आली. तिने आधी मला कप दिला, मग त्याला. आणि आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघून म्हणाली, “काय झालं? तुम्ही गप्प का?”

“काही नाही गं,” हरेश म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा नेहमीसारखा मोठा झाला होता. “ताई सांगायला आल्यात. उद्यापासून मला रिगवर पाठवतायत. लांबच्या. सलग पंधरा दिवस. नाराज होशील म्हणून स्वतः आल्या सांगायला.” आणि मग माझ्याकडे वळून, “होय ना ताई?”

दोघं माझ्याकडे बघत होती.

“होय,” मी म्हटलं.

“एवढंच ना?” कुंदा हसली. “मी घाबरलेच. तिकडे जेवणबिवण बरं असतं ना हो?”

“चांगलं असतं,” मी म्हटलं. “मासे असतात.”

घावणे खाऊनच मला उठता आलं. तिने आग्रह करून तिसरा वाढला.

दुसऱ्या दिवशी हरेश बॅग भरून घरातून निघाला आणि पेणला मेव्हण्याकडे जाऊन राहिला. तिथूनच त्याने ओळखीपाळखी काढून कंटेनर यार्डात क्रेनवर काम मिळवलं. घरी परतला तेव्हा म्हणे त्याने बायकोला सांगितलं, समुद्राचा कंटाळा आला, मीच सोडली ती नोकरी. हे मला शेलारकडून कळलं. हरेश पुढे कधी रस्त्यात दिसला तर हात हलवायचा, पण थांबायचा नाही.

मी उरलेल्यांना लॅबमध्ये बोलावून सांगितलं. बेस त्यानंतर वर्षभर कसाबसा चालला.

मग एकदा कुरियनसाहेबांचा फोन आला, की मी येतोय, वाशीला हॉटेलात भेटू. खास माझ्यासाठी ते दुबईहून आले होते. कोपऱ्यातलं टेबल होतं, पांढरं कापड, पाण्यात लिंबाची फोड. त्यांनी आडवळण घेतलं नाही. बसल्या बसल्या सांगितलं, बेस बंद होतोय आणि तुमची जागाही राहत नाही. मग कारण सांगितलं. मग विम्याचं. सगळं बरोबर क्रमाने. शेवटी हात टेबलावर ठेवून ते थांबले आणि माझ्या डोळ्यांत बघायला लागले.

“हे तुम्हाला फोनवर सांगणं मला प्रशस्त वाटलं नाही,” ते म्हणाले. “तुमच्याकडूनच शिकलो मी हे. तुम्हाला काही बोलायचं असेल तर बोला. मी ऐकतोय.”

त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते. मला फक्त बाहेर जायचं होतं, कुठल्याही बाकावर जाऊन बसायचं होतं, आणि सुहासला काय सांगायचं ते एकटीने ठरवायचं होतं. पण उठता येत नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी मुद्दाम सुरमई मागवली होती, आणि ती अजून यायची होती.